बतावणीचा शब्द आणि समीक्षेचे मौन : मेढा परिसरातील लोकप्रयोगांच्या परीक्षणासंबंधी काही विचार

१

प्रयोग संपल्यावर नाटकाचे काय उरते, हा प्रश्न नाट्यसमीक्षेच्या मुळाशी आहे. ज्या नाटकाची संहिता छापलेली असते, त्याच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर तातडीने शोधावे लागत नाही. प्रयोग विरून गेला तरी शब्द उरतात. दहा वर्षांनी कोणी त्यांचा नव्याने विचार करू शकतो. परंतु ज्या प्रयोगातील भाषा रंगस्थळीच, त्या एका रात्रीपुरती जन्माला येते, त्याची गोष्ट वेगळी आहे. त्याचे परीक्षण लिहिले गेले नाही, तर त्याच्या गुणांचाही पुरावा राहत नाही आणि दोषांचाही. अशा ठिकाणी परीक्षकावर दुहेरी जबाबदारी येते : त्याने मूल्यमापन करावयाचे असते आणि ज्याचे मूल्यमापन करावयाचे तो शब्दही टिपून ठेवावयाचा असतो. ही जबाबदारी मराठी परीक्षणलेखनाने कितपत पेलली आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात मेढा आणि त्याचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून करावयाचा आहे.

मेढा हे सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण. ते वेण्णा नदीच्या खोऱ्यात वसले आहे. एका बाजूस सातारा, दुसऱ्या बाजूस केळघरच्या घाटाने गाठावयाचे महाबळेश्वर, डोंगरापलीकडे वाई, आणि सह्याद्री उतरून गेल्यास महाड, असे त्याचे स्थान आहे. भाषेच्या दृष्टीने हे स्थान लक्षणीय आहे. देशावरची बोली येथे कोकणच्या बोलींच्या शेजारास येते. डॉ. अ. मा. घाटगे यांच्या बोली-सर्वेक्षणमालेत १९६६ मध्ये महाडच्या कुणबी बोलीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या बोलीचा प्रदेश या डोंगरांच्या पश्चिम उतारालाच लागून आहे. शिवाय पोटासाठी मुंबईस गेलेली माणसे जत्रेच्या दिवसांत गावी परततात आणि आपल्याबरोबर मुंबईची मराठी घेऊन येतात. फड सांगलीकडचा असो की पुणे जिल्ह्यातील, त्याची बोली आणखी निराळी. म्हणजे जत्रेच्या मैदानावर एकाच रात्री तीनचार प्रकारची मराठी एकमेकींना ऐकत असते. भाषाभ्यासकास याहून समृद्ध रंगस्थळ क्वचितच सापडेल.

तथापि या मैदानावर जे घडते त्याविषयीचे लेखन दोनच साच्यांत सापडते. पहिला साचा वृत्तान्ताचा. त्यात कार्यक्रम ‘उत्साहात पार पडतो’, प्रेक्षक ‘भरभरून दाद’ देतात आणि उरलेली जागा उपस्थित मान्यवरांच्या नावांना मिळते. दुसरा साचा नागर समीक्षेचा. त्यात कथानकाची एकसंधता, व्यक्तिरेखांचा विकास, नेपथ्य व प्रकाशयोजना अशा मोजपट्ट्या लावून लोकप्रयोग उणा ठरविला जातो, अथवा ‘ग्रामीण कलावंतांचा स्तुत्य प्रयत्न’ म्हणून उदारपणे माफ केला जातो. पहिल्या साच्यात प्रयोग दिसतच नाही; दुसऱ्यात दिसतो, पण ऐकू येत नाही. उपेक्षा आणि अनुकंपा यांचा परिणाम येथे एकच होतो : कलावंत काय बोलला, ते कोठेच नोंदले जात नाही.

२

या मौनास इतिहास आहे, आणि तो याच प्रदेशातील आहे. १८४३ मध्ये सांगली येथे श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. मराठी रंगभूमीचा आरंभ येथून मानला जातो. ५ नोव्हेंबर हा दिवस त्यासाठीच रंगभूमी दिन म्हणून पाळतात आणि सांगलीस नाट्यपंढरी म्हणतात. पुढे १८६५ मध्ये उमा-बाबू सावळजकर यांनी ‘मोहना-बटाव’ रचला. तो तमाशातील पहिला वग मानला जातो. सावळज तासगाव तालुक्यातील. सांगली आणि सावळज यांत अंतर थोडे, आणि दोन घटनांत अवघ्या बावीस वर्षांचे.

हा सारा मुलूख मेढ्याला परका नव्हे. आजच्या सांगली जिल्ह्यातील तासगाव, वाळवा हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. त्या वर्षी ‘दक्षिण सातारा’ हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) आणि त्याच तालुक्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) हे दोघेही जन्माने जुन्या सातारा जिल्ह्याचेच.

सांगलीचे नाटक आणि सावळजचा वग यांत सामाजिक अंतर मोठे होते. एकास दरबाराचा आश्रय, दुसऱ्यास गावजत्रेचा. एक पांढरपेशा मंडळींचा, दुसरा प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी या समाजांतील कलावंतांचा. परंतु भाषेच्या रचनेकडे पाहता हे अंतर आश्चर्य वाटावे इतके कमी होते. भाव्यांच्या नाटकात सूत्रधार पद्ये गाई आणि पात्रे त्या अनुरोधाने आयत्या वेळी गद्य भाषणे करीत. प्रारंभी मंगलाचरण, गणपतीचे आगमन आणि सूत्रधार-विदूषकांचा संवाद असे. तमाशातही प्रारंभी गण. पुढे गौळण, बतावणी आणि वग. वगाची पद्ये रचलेली, गद्य मात्र बहुतांशी कलावंताच्या जिभेवर सोपविलेले. पद्य बांधीव आणि गद्य मोकळे, ही दोन्ही ठिकाणची मूळ व्यवस्था.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. भाव्यांनी १८८५ मध्ये ‘नाट्यकवितासंग्रह’ प्रसिद्ध केला. त्यामुळे त्यांची आख्यानपद्ये वाचकांस उपलब्ध झाली. पण नटांनी उत्स्फूर्तपणे केलेली भाषणे कोणी टिपून ठेवली नाहीत. ‘सीतास्वयंवरा’तील रावण स्वयंवरमंडपात नेमके काय बोलत असे, आणि सांगलीचा प्रेक्षक त्याच्या कोणत्या शब्दावर हसत असे, हे आता कळण्यास मार्ग नाही. राहिली ती राक्षसांच्या आरडाओरड्याची आठवण. आणि तिच्यावरून नंतरच्या सुशिक्षितांनी या नाटकांची ‘अललडुर्र’ म्हणून थट्टा केली. संहितेवर पोसलेल्या समीक्षेने आपल्याच रंगभूमीच्या आरंभाविषयी असा निवाडा केला. त्यासाठी तपासावयाचा शब्द मात्र तिच्यापाशी नव्हता.

तमाशाच्या बाबतीत हेच अधिक प्रमाणात घडले. पठ्ठे बापूरावांच्या लावण्या छापल्या गेल्या, गायिल्या गेल्या, अभ्यासिल्या गेल्या. त्या योग्यतेच्या त्या होत्याच. पण त्यांच्या फडातील सोंगाड्याचे गद्य, ज्याच्या बळावर लावणी आणि वग यांमधील रात्र उभी राहत असे, ते गेले ते गेलेच. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध घातले, आणि पुढे संहिता तपासून प्रयोगास परवानगी देण्याची पद्धत आली. त्यामुळे एक विचित्र स्थिती उद्भवली. वग लक्षपूर्वक वाचणारा पहिला वाचक समीक्षक ठरला नाही. तो परीनिरीक्षक ठरला. आणि त्यास जी संहिता वाचावयास मिळे, ती मैदानावर बोलल्या जाणाऱ्या शब्दांची फार तर रूपरेषा असे.

३

नागर समीक्षेस लोकप्रयोगातील शब्द ऐकू येत नाही, याचे एक कारण समीक्षेच्या परिभाषेतच दडलेले आहे. ते म्हणजे ‘ग्राम्य’ ही संज्ञा. संस्कृत काव्यशास्त्रात ग्राम्यता हा दोष मानला आहे. वामनाने केवळ लोकव्यवहारातच आढळणाऱ्या, शास्त्रकाव्यांत न रुळलेल्या शब्दास ग्राम्य म्हटले. इतर आलंकारिकांनी त्या संज्ञेत असभ्य अर्थाचाही अंतर्भाव केला. मराठी परीक्षणात हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळून गेले. ‘विनोद काहीसा ग्राम्य होता’ असे वाक्य जेव्हा लिहिले जाते, तेव्हा विनोद अश्लील होता, की तो गावच्या बोलीत होता, याचा उलगडा होत नाही. बहुधा लेखकासही तो करावासा वाटलेला नसतो.

हा भेद करणे अगत्याचे आहे. अश्लीलता हा आशयाचा व औचित्याचा प्रश्न आहे. बोली हा भाषारूपाचा. सातारी बोलीत शब्दारंभीच्या ‘वि’, ‘वे’ या अक्षरांतील व्यंजन गळते किंवा पालटते : विहिरीची इहीर, वेळेची येळ आणि विचाराचा इचार होतो. ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. ‘तुम्हाला’ऐवजी ‘तुमास्नी’ येते आणि ‘करायला’ऐवजी ‘कराया’. ही सारी रूपे नियमबद्ध आहेत. त्यांस अशुद्ध म्हणणे भाषाशास्त्राच्या दृष्टीने निरर्थक होय. उलट प्रमाण मराठीतून, शुद्ध उच्चारांत, अत्यंत हीन अभिरुचीचा विनोद करता येतो आणि नागर रंगभूमीवर तो केलाही जातो. तेव्हा ‘ग्राम्य’ हे विशेषण वापरणाऱ्या परीक्षकाने प्रथम कोणता शब्द, कोणत्या प्रसंगी, कोणाच्या तोंडी, हे सांगावयास हवे. ते सांगितले म्हणजे पुष्कळदा विशेषणाची गरजच उरत नाही.

४

बतावणीतील शब्द कसा काम करतो, हे पाहण्यासाठी नमुन्यादाखल दोन वाक्ये रचून घेता येतील. वगात राजा दरबारात येतो आणि सोंगाड्यास, जो बहुधा प्रधानही असतो किंवा शिपाईही, विचारतो :

“प्रधानजी, आमच्या राज्यातील प्रजेची हालहवाल काय आहे?”

सोंगाड्या उत्तर देतो :

“म्हाराज, हाल लई हायेत, हवाल इचाराया कोन येत न्हाय.”

वृत्तान्तात हे ‘सोंगाड्याने हजरजबाबीपणे उत्तर देऊन हशा पिकविला’ एवढेच होईल. वस्तुतः या उत्तरात तीन गोष्टी घडल्या आहेत. पहिली शब्दरचनेची. ‘हालहवाल’ हा जोडशब्द राजाच्या बोलण्यात अखंड आहे. त्याचा अर्थ ‘क्षेमकुशल’. सोंगाड्या त्याची फोड करतो आणि प्रत्येक अर्ध्यास स्वतंत्र अर्थ देतो. दुसरी गोष्ट शब्दाच्या इतिहासाची. ‘हाल’ आणि ‘अहवाल’ ही मुळात एकाच अरबी शब्दाची अनुक्रमे एकवचनी व अनेकवचनी रूपे आहेत. त्यांचा अर्थ ‘स्थिती’. मराठीत त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ‘हाल’ म्हणजे यातना, ‘अहवाल’ म्हणजे सरकारदरबारी सादर करावयाचे निवेदन. एकाच शब्दाचा एक तुकडा रयतेच्या वाट्यास आला, दुसरा कचेरीच्या. सोंगाड्यास अरबी येण्याचे कारण नाही. पण भाषेत पडलेली ही फूट त्यास नेमकी जाणवलेली आहे. तिसरी गोष्ट नादाची. ‘हायेत’ आणि ‘न्हाय’ या दोन रूपांच्या आघातांवर उत्तर तोललेले आहे. ‘हाल पुष्कळ आहेत, हवाल विचारायला कोणी येत नाही’ असे प्रमाणरूप दिले की अर्थ राहतो, पण तोल जातो. तेव्हा असे वाक्य नोंदविताना परीक्षकाने ते ‘सुधारून’ घेणे म्हणजे पुरावा बदलणे होय.

याहून महत्त्वाचा प्रश्न असा की या उत्तरावर जो हशा पिकतो, तो कोणास हसतो? संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो आणि विदूषक प्राकृत. वगातही राजा प्रमाण मराठीकडे झुकलेली, काहीशी पुस्तकी भाषा बोलतो आणि सोंगाड्या गावची. दोन्ही व्यवस्था वरवर सारख्या. पण प्रेक्षक पालटला की व्यवस्थेचा अर्थ उलटा होतो. मेढ्याच्या मैदानावर बसलेल्या बहुसंख्य प्रेक्षकांची भाषा सोंगाड्याची आहे. तेथे राजाचे बोलणे परके आणि म्हणून किंचित हास्यास्पद ठरते. सोंगाड्याचे बोलणे हेच स्वाभाविक बोलणे होय. हाच संवाद शहरातील बंदिस्त नाट्यगृहात झाला, तर राजाची भाषा प्रेक्षकांची असते आणि ‘इचाराया’ या रूपावरच हशा येतो. शब्द तेच, हास्याची दिशा मात्र पूर्णतः फिरलेली. पहिल्या ठिकाणी सत्ता हास्यविषय होते, दुसऱ्या ठिकाणी बोली.

लोकप्रयोगाच्या परीक्षणासाठी हास्याची ही दिशा एक भरवशाची कसोटी म्हणून स्वीकारता येईल. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर वगाचा बाज शहरी रंगमंचावर आला. पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’ किंवा वसंत सबनीस यांचे १९६५ मधील ‘विच्छा माझी पुरी करा’ ही त्याची ठळक उदाहरणे. त्यांच्या गुणवत्तेविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु त्यांतील बोलीवर कोणता प्रेक्षक का हसला, याचा शोध घेतलेला क्वचितच दिसतो. मुंबईच्या गिरणगावात तर हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होता. कारण तेथील प्रेक्षकांत सातारा, सांगली, रत्नागिरीकडील कामगार मोठ्या संख्येने होते. तेथे एकाच वाक्यावर एका रांगेत ओळखीचे हसू आणि दुसऱ्या रांगेत परकेपणाचे हसू उमटणे शक्य होते. सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे बंधू ‘जहरी प्याला’ या वगातील हवालदारांच्या भूमिकांमुळे महाराष्ट्रभर गाजले. हवालदार म्हणजे सत्तेचा गणवेश आणि गावची जीभ; राजा आणि सोंगाड्या यांमधील अंतर येथे एकाच देहात सामावते. अशा भूमिकेचे विवेचन ‘धमाल विनोदी’ या शेऱ्यावर थांबले, तर समीक्षेने आपले काम केले असे म्हणता येणार नाही.

५

येथवरच्या विवेचनात प्रेक्षक हा प्रयोगाबाहेरचा साक्षी नसून त्याच्या अर्थाचा भागीदार आहे, हे गृहीत धरले आहे. या गृहीतकास सैद्धान्तिक आधार आहे. प्योत्र बोगातिरेव्ह आणि रोमान याकोब्सन यांनी १९२९ मध्ये लोकवाङ्मयासंबंधी एक महत्त्वाचा सिद्धान्त मांडला. लिखित कृती वाचकांनी नाकारली तरी कागदावर टिकून राहते आणि पुढील पिढीस नव्याने सापडू शकते. मौखिक कृतीस ती सवलत नाही. समाजाने स्वीकारले तेवढेच पुन्हा बोलले जाते. जे नाकारले, ते नाहीसे होते. म्हणून समाजाची संमती ही मौखिक कृतीच्या निर्मितीचाच एक भाग ठरते. फडाच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. हंगामाच्या आरंभी एखाद्या गावी जमलेले उत्तर पुढच्या गावी पुन्हा येते, न जमलेले गळते. दसऱ्यास बाहेर पडलेला फड चैत्र-वैशाखातील जत्रांपर्यंत पोहोचतो, तेव्हा त्याची बतावणी शेकडो मैदानांवर घासून आलेली असते. तिचा लेखक एक नसतो. आणि म्हणूनच ‘लेखक कोण’ या प्रश्नास छापील नाटकाच्या पद्धतीने उत्तर देता येत नाही.

प्रेक्षकाच्या या भागीदारीचे एक सूक्ष्म उदाहरण शाहीर साबळे (१९२३–२०१५) यांच्या १९६६ मधील मुक्तनाट्याच्या शीर्षकात सापडते. साबळे मेढ्यापासून डोंगरापलीकडे असलेल्या वाई तालुक्यातील पसरणीचे. नाटकाचे नाव ‘आंधळं दळतंय’. ही अर्धीच म्हण आहे. कुत्र्याने पीठ खाण्याचा उत्तरार्ध शीर्षकात नाही; तो प्रत्येक मराठी माणूस मनात पुरा करतो आणि पुरा करता करताच आरोपही स्वतःच उच्चारतो. दळणारा कोण हे नाटक सांगते, खाणारा कोण हे प्रेक्षक ठरवितो. लोकपरंपरेतील भाषेचे हे खास सामर्थ्य : ती अर्धे बोलते आणि उरलेले ऐकणाऱ्याकडून वदवून घेते.

अण्णाभाऊ साठे यांनी आपल्या लोकनाट्यांत गणाचे स्वरूप पालटले. गणपतीच्या स्तवनाऐवजी मातृभूमीस आणि श्रमिकांस वंदन आले. याची चर्चा सामान्यतः विचारसरणीच्या अंगाने होते, आणि ती रास्तच आहे. परंतु भाषेच्या अंगाने पाहता येथे संबोधनच बदलले आहे. पूर्वी कलावंत आणि प्रेक्षक दोघेही एका तिसऱ्यास, देवास, हाक मारीत. आता ज्यास वंदन करावयाचे तो श्रमिक समोरच मांडी घालून बसलेला आहे. प्रयोगाच्या पहिल्याच क्षणी ‘तो’चा ‘तुम्ही’ होणे, ही नाट्यदृष्ट्या मोठी घटना होय.

तथापि प्रेक्षकाची भागीदारी मान्य करणे म्हणजे प्रेक्षकाची शिट्टी हाच निकाल मानणे नव्हे. येथे लोककलेच्या कैवाऱ्यांची बहुधा गल्लत होते. प्रेक्षक सवयीनेही हसतो, गर्दीने हसतो म्हणूनही हसतो. आजच्या अनेक प्रयोगांत गण-गौळण आटोपती घेऊन चित्रपटगीतांस मोठा वेळ दिला जातो, बतावणी ऐकीव चुटक्यांवर भागविली जाते, आणि त्या सर्वांस दादही मिळते. ही दाद नोंदवून परीक्षकाने पुढे जावयाचे नसते. तिची प्रत ठरवावयाची असते. त्यासाठी काही प्रश्न उपयुक्त ठरतील. उत्तरातील श्लेष प्रसंगातून निघाला आहे, की कोणत्याही वगात बसावा असा आयता आहे? सोंगाड्याच्या बोलण्याने राजाची स्थिती बदलते, की राजा ते ऐकून न ऐकल्यासारखे करून पुढील वाक्य म्हणतो? गावाचे, नदीचे, घाटाचे नाव बतावणीत येते तेव्हा ते गोष्टीत रुजते, की केवळ यजमान गावास खूष करण्यासाठी चिकटविलेले असते? आणि मावशीच्या सोंगावर येणारा हशा तिच्या धारदार बोलण्यास आहे, की पुरुषाने नेसलेल्या लुगड्यास? या प्रश्नांची उत्तरे एका प्रयोगात वेगवेगळी येऊ शकतात. त्यांतूनच साधार निंदा किंवा साधार स्तुती शक्य होते.

६

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की आज प्रत्येक प्रेक्षकाच्या हातात मोबाइल आहे. प्रयोग ध्वनिचित्रित होतात, मग शब्द टिपण्याचे ओझे परीक्षकाने का वाहावे? या आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धे. चित्रणामुळे भाव्यांच्या नटांचे जे झाले ते आजच्या कलावंतांचे होण्याचा धोका कमी झाला, हे निश्चित. परंतु यंत्र रंगमंचाकडे तोंड करून असते. हास्य कोणत्या बाजूने, कोणत्या वयाच्या माणसांतून आणि कोणत्या शब्दावर उठले, हे त्यात क्वचितच उमटते. शिवाय साठविणे आणि निवडणे या भिन्न क्रिया आहेत. हजार तासांच्या चित्रणातून कोणती दोन वाक्ये मराठी भाषेच्या ठेव्यात जमा करण्याजोगी आहेत, हे यंत्र सांगत नाही. ते समीक्षेने सांगावयाचे असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मौखिक शब्द लिहिला की गोठतो, आणि गोठलेला शब्द पुढील कलावंतास बंधन होऊन बसतो, असे काहींना वाटते. अॅल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० मधील ‘द सिंगर ऑफ टेल्स’ या ग्रंथात युगोस्लाव्हियातील मौखिक महाकाव्य गाणाऱ्यांचा अभ्यास मांडला. छापील पाठ हाच प्रमाण मानण्याची वृत्ती शिरली की गायकाची रचनाशक्ती ओसरू लागते, असे त्यांचे निरीक्षण होते. हा इशारा विसरता कामा नये. परंतु परीक्षणातील नोंद ही प्रमाणसंहिता नव्हे. अमुक मैदानावर, अमुक रात्री, अमुक प्रेक्षकांसमोर हे असे बोलले गेले, एवढेच ती म्हणते. किंबहुना एकाच बतावणीची दोन गावांतील दोन परीक्षणे उपलब्ध झाली, तर शब्द कसा पालटत गेला तेच त्यांतून दिसेल आणि ‘मूळ पाठ’ नावाच्या भ्रमास आळा बसेल.

याहूनही एक मोठे कारण आहे. ते न्यायाचे आहे. मराठी साहित्याच्या इतिहासात पद्य रचणाऱ्या शाहिरास नाव मिळाले, छापील नाटक लिहिणाऱ्या नाटककारास नाव मिळाले. आयत्या वेळी गद्य घडविणाऱ्या कलावंतास मात्र ‘विनोदी नट’ एवढीच ओळख लाभली. वास्तविक तो भाषेचा निर्माता आहे. जोडशब्दांची फोड, म्हणींचे विपर्यास, सरकारी शब्दांचे देशीकरण, प्रमाण आणि बोली यांतील अंतराचा नाट्यमय उपयोग, ही सारी त्याची निर्मिती. ज्या समाजांतून हे कलावंत बहुसंख्येने आले, त्यांच्या हाती लेखणी उशिरा पडली. त्यांचे कर्तृत्व बोलण्यात होते आणि बोललेले कोणी लिहिले नाही. ‘लोककला’ या भारदस्त शब्दानेही हा अन्याय झाकलाच जातो. कारण कर्ता ‘लोक’ ठरला की माणसाचे नाव घेण्याचे प्रयोजन उरत नाही. बतावणी अनेकांच्या संमतीने घडते हे खरे. परंतु अमुक रात्री अमुक शब्द प्रथम सुचला तो एकाच माणसास, हेही तितकेच खरे आहे.

तेव्हा मराठी विभागांतून लोकरंगभूमीवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी ग्रंथालयातील वगांच्या संहितांबरोबर जत्रेचे मैदानही अभ्यासविषय मानावे. प्रयोगाची पूर्ण रात्र बसून ऐकावी. गणापासून वगाच्या शेवटापर्यंतचा कालक्रम नोंदवावा. जे वाक्य लक्षात राहिले ते जसे उच्चारले तसे, बोलीची रूपे न सुधारता लिहावे. हास्य कोठून उठले ते टिपावे. आणि मग, या सर्वांनंतर, ते चांगले होते की वाईट हे निःसंकोचपणे सांगावे. शेवटची पायरी गाळून चालणार नाही. निर्णय न देणारी नोंद हा केवळ संग्रह होतो, आणि नोंद नसलेला निर्णय हा केवळ अभिप्राय. मेढ्याच्या मैदानावरील कलावंत दोन्हींहून अधिक कशाचा तरी अधिकारी आहे. सहानुभूती त्यास पुष्कळ मिळाली आहे. मिळावयाची राहिली आहे ती लक्षपूर्वक ऐकणारी आणि ऐकलेल्यावर निर्भीडपणे मत देणारी समीक्षा.